सारखं म्हणजे तेच नव्हे

कंपनीतल्या झाडून सगळ्यांचे पासवर्ड ज्या माणसाच्या ताब्यात होते, त्या सलीम मुजावर साहेबांनी आयुष्यात जाणूनबुजून कुणाचा पासवर्ड कानाने ऐकला नाही. कुणी सांगायला लागलं की ते दोन्ही कानांवर हात ठेवायचे. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरोखर ठेवायचे, आणि समोरच्याचे ओठ हलायचे थांबेपर्यंत काढायचे नाहीत.

एकदा आमचे प्लांट हेड जिन्यातूनच ओरडले, की मुजावर, माझं काही उघडत नाहीये, जरा बघता का, पासवर्ड अमुक अमुक आहे. अमुक अमुक म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींचं माहेरचं नाव होतं. जिन्यात तेव्हा कँटीनचा माणूस चहाचा थर्मास घेऊन उभा होता, क्वालिटीतले दोघे होते आणि मी होते. मुजावर साहेबांना कान झाकायला वेळच मिळाला नाही. ते सावकाश वर चढून गेले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "साहेब, हा पासवर्ड आता आपल्या सगळ्यांचा झाला. तुमच्यासाठी दुसरा घ्या." साहेबांनी निमूटपणे दुसरा घेतला. वहिनींचं माहेरचं नाव मात्र पुढे बरेच दिवस कँटीनमध्ये चालत राहिलं, चहात साखर कमी पडली की हमखास निघायचं.

मी या कंपनीच्या टाइम ऑफिसात आहे. हजेरी, रजा, कोण आलं, कोण गेलं, कुणाचं नाव काय आणि ते कागदोपत्री कसं लिहितात, हे माझं खातं. कंपनी कुरुळी फाट्याजवळ आहे आणि गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनवते. मुजावर साहेब कॉम्प्युटर सेक्शनचे प्रमुख होते. सेक्शन म्हणजे ते, दोन इंजिनिअर आणि काचेच्या दारामागची एक थंडगार खोली. त्या खोलीला सगळे सिमला म्हणत. बाहेर मे महिन्यात नाशिक रस्त्यावरचं डांबर पाघळत असलं तरी मुजावर साहेब आत बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर घालून बसलेले असत, आणि त्याच स्वेटरमध्ये कँटीनला येत. घाम आला तरी काढत नसत. पुन्हा आत जायचंच आहे, म्हणत.

आमची ओळख भांडणातून झाली. त्यांच्या सिमल्यात एक जुना सर्व्हर होता. त्याची कामं दोन. पहिलं, कंपनीत कोण कोण आहे आणि कुणाला कुठल्या मशीनवर काय उघडायची परवानगी आहे, याची यादी ठेवणं. या यादीला ते डिरेक्टरी म्हणत. दुसरं, कुणी पासवर्ड टाकला की तो खरा की खोटा, एवढंच सांगणं. वजनकाट्यापासून गेटपर्यंत कंपनीतलं प्रत्येक मशीन आधी या सर्व्हरला विचारायचं, की हा माणूस आपला का. तो हो म्हणाला तरच पुढचं काम. पण या यादीत नावाला जागा आठ अक्षरांची, तीही इंग्रजी. त्यामुळे स्टोअरमधल्या आमच्या भाग्यश्रीचं तिथे 'भाग्याश' झालं होतं, आणि शॉपवरचे कामगार तिला त्याच नावाने हाक मारत. आळंदी आणि देहू हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आमच्याकडे ज्ञानेश्वरांना आणि तुकारामांना तोटा नाही. तुकाराम कसेबसे आठात बसत. ज्ञानेश्वरांची मात्र, शेवटचं अक्षर आकड्याला देऊन, ज्ञानेस एक, ज्ञानेस दोन अशी एक अख्खी फलटण झाली होती, आणि त्यांच्या रजा माझ्याकडे एकमेकांच्या खात्यावर पडत.

भाग्यश्री एकदा माझ्यासमोर रडली, तेव्हा मी तावातावाने सिमल्यात गेले. माणसांची नावं तोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं मी विचारलं. आवाज माझा मुळात बारीक नाही. मुजावर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तोडलेली नाहीत ताई. मावली नाहीत. मी जागा करतो."

त्यांनी मला ताई म्हणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. मी मात्र आमच्या सासरच्या वळणाप्रमाणे त्यांना साहेबच म्हणत राहिले. त्यांचं घराणं कराडकडचं. मुजावर म्हणजे दर्ग्याची सेवा करणारे. आजोबांकडे दर्ग्याची किल्ली असे, आणि सांजवेळी दार लावणं हे त्यांचं मानाचं काम होतं, असं ते सांगत. मग स्वतःच हसून म्हणत, मी पण दारच राखतोय, फक्त इथं अत्तराचा वास नाही. राहायला ते पिंपरीत नेहरूनगरला होते. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवतींचा शिरखुर्मा टाइम ऑफिसात पोचायचा. तो स्टीलच्या उभ्या डब्यात असायचा आणि डबा परत करताना रिकामा पाठवायचा नाही, असा आमच्यात न बोलता झालेला करार होता. माझ्या पुरणपोळीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, यावरून त्यांच्या सभ्यपणाची कल्पना यावी.

जागा करतो म्हणाले खरे, पण ते सोपं नव्हतं. तो जुना सर्व्हर ज्या परदेशी कंपनीने बनवला होता तिने तो प्रकारच बंद केला होता. काही बिघडलं की मुजावर साहेब कुदळवाडीच्या भंगार बाजारात जात. तिथे त्यांचा एक ओळखीचा दुकानदार होता, तो असल्या मशीनचे अवयव राखून ठेवायचा. मुंबईच्या हेड ऑफिसला हे कळलं तेव्हा मोठा गहजब झाला. एवढी मोठी कंपनी आणि तिचा दरवाजा भंगारावर चालतो, हे ऐकायला बरं नव्हतंच. तिथले नाईक साहेब एका बाहेरच्या कंपनीला घेऊन आले. ती सगळ्या प्लांटचं कॉम्प्युटरचं काम एकत्र करणार होती. नावंबिवं काढून प्रत्येकाला एक लांबलचक नंबर मिळणार होता. कॉम्प्युटर सेक्शन बंद, आणि टाइम ऑफिस गुजरातच्या प्लांटमध्ये. म्हणजे मीही गुजरातमध्ये. माझे मिस्टर हिंजवडीला, घर वाकडला, मुलगी नववीत आणि सासूबाईंचे गुडघे बदलायचे राहिलेले. हे सगळं नाईक साहेबांनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं.

मुजावर साहेबांनी त्याच मीटिंगमध्ये हात वर केला. सर्व्हर जुना आहे, त्यातलं सॉफ्टवेअर चांगलं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी धंदा गुंडाळताना त्याचा सगळा मूळ मजकूर जुन्या गिऱ्हाइकांना एका सीडीवर देऊन टाकला होता. आपण ते उचलून आजच्या साध्या मशीनवर, फुकट मिळणाऱ्या, जुन्या सर्व्हरवरच्या युनिक्ससारख्या सिस्टीमवर चढवू. कुणाचं नाव जाणार नाही आणि कुणाला पासवर्ड बदलायला लागणार नाही. नाईक साहेब माणूस वाईट नव्हते, हिशेबी होते. त्यांनी मुदत दिली आणि अट घातली, की बदल होताना एकही शिफ्ट बंद पडता कामा नये. पडली, तर बाहेरची कंपनी येणार. त्यावर चर्चा नाही.

त्या दिवसापासून मी सिमल्यात जरा जास्तच जायला लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ज्याच्या हातात आपलं घर आहे त्याच्याकडे अधूनमधून बघून यावंसं वाटतंच.

मुजावर साहेब प्रोग्राम वाचायचे ते एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचं पत्र वाचावं तसं. मूळ ज्याने लिहिला त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ते त्याला 'लेखक' म्हणत. लेखकाला इथं घाई होती. इथं लेखक कुणावर तरी चिडलेला आहे. हे लेखकाने का केलं ते मला कळत नाही, म्हणून मी हात लावत नाही. त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरने एकदा मधल्या काही ओळी निरुपयोगी म्हणून उडवल्या, तर ते त्याच्यावर रागावले. "तुला कळलं नाही म्हणून ते निरुपयोगी झालं का रे?" एवढंच म्हणाले, पण त्या बिचाऱ्याने लगेच त्या ओळी जशाच्या तशा परत बसवल्या. मुजावर साहेबांचा राग इतका दुर्मीळ होता की तो आम्हाला सगळ्यांनाच लागला.

दुसरं त्यांचं तत्त्व म्हणजे सगळ्यात वरची चूक. जुना प्रोग्राम नव्या सिस्टीमवर पहिल्यांदा चढवून बघितला तेव्हा पडद्यावर चुकांची अशी यादी सुरू झाली की ती संपेचना. मी घाबरले. मुजावर साहेब चष्मा कपाळावर ढकलून यादी वरपर्यंत नेऊन थांबले, पहिली चूक वाचली, तेवढीच दुरुस्त केली आणि पुन्हा चढवलं. यादी निम्मी झाली. खालच्या बऱ्याचशा वरचीमुळेच असतात, असं ते म्हणाले. पुढे ही सवय त्यांनी आम्हालाही लावली. मी एकदा घरच्या कटकटी त्यांच्यासमोर मांडत होते. सासूबाई, पाणी, मुलीचा क्लास, मिस्टरांचं घोरणं, सगळं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "सगळ्यात वरची कुठली?" मी विचार केला, तर सगळ्यात वरची चूक अशी निघाली की मला झोप पुरत नव्हती. त्या दिवसापासून मिस्टर हॉलमध्ये झोपतात. घरात शांतता आहे.

आणि तिसरं म्हणजे 'सारखं' या शब्दावरचा त्यांचा अविश्वास. आमच्या मराठीत हा शब्द मोठा लबाड आहे. युनिक्ससारखी सिस्टीम म्हटलं की लोकांना वाटायचं, चला, युनिक्सच आहे. मुजावर साहेब ताबडतोब अडवत. सारखं म्हणजे तेच नव्हे, म्हणत. वेगळं असतं तिथं माणूस जपून चालतो, सारखं दिसतं तिथंच पाय घसरतो. जुन्या सिस्टीममध्ये एखाद्या कामाला जे नाव होतं तेच नाव नव्या सिस्टीममध्येही असायचं, पण काम सुताइतकं निराळं. अशा सुतासुताच्या फरकांवर त्यांनी पावसाळा, दिवाळी आणि हिवाळा घालवला. कँटीनमध्ये दोन दिवस सलग एकसारखी भाजी आली की आम्ही मुद्दाम म्हणायचो, साहेब, सारखी आहे, तीच नव्हे. ते गंभीरपणे चाखून बघायचे आणि म्हणायचे, तीच आहे.

चाकण पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. बदलाचा दिवस तोच ठरला. त्या दिवशी कंपनीत मुजावर साहेब, त्यांचे दोघे आणि नावं ताडून बघायला मी, एवढेच होतो. काय करणार ते त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. पासवर्ड कुठल्याही सर्व्हरवर जसाच्या तसा लिहून ठेवलेला नसतो. त्याचा चुरा करून तो चुरा ठेवलेला असतो. माणसाने पासवर्ड टाकला की त्याचाही तसाच चुरा करायचा आणि दोन्ही जुळतात का बघायचं. जुना चुरा भरड होता, नव्या पद्धतीचा बारीक. पण बारीक चुरा करायचा तर माणसाने एकदा स्वतः पासवर्ड टाकायला हवा. म्हणून त्यांनी अशी योजना केली, की शुक्रवारी प्रत्येकजण नेहमीसारखा पासवर्ड टाकेल, नवा सर्व्हर तो जुन्या यादीशी ताडून बघेल, जुळला की त्याचा बारीक चुरा करून ठेवेल आणि पुढे तोच वापरेल. कुणाला काही कळणारसुद्धा नाही.

शुक्रवारी खरंच कुणाला काही कळलं नाही. तिन्ही शिफ्ट आल्या, कामाला लागल्या आणि गेल्या. डिरेक्टरीत पहिल्यांदाच पूर्ण नावं दिसत होती. भाग्यश्रीने तिच्या पडद्यावरचं आपलं अख्खं नाव मोबाइलने टिपून नवऱ्याला पाठवलं. मुजावर साहेब दुपारी नमाज पढून आले, ते स्वतःच पेढे घेऊन आले. मी वाकडला घरी गेले ती सासूबाईंना सांगूनच टाकलं, की आपण आता कुठे जात नाही.

शनिवारी सकाळी डिस्पॅचमधून फोन आला. पासवर्ड घेत नाही.

डिस्पॅचला ज्ञानेश्वर येळवंडे होते. सगळे त्यांना माऊली म्हणत. बांधा दणकट, कपाळाला बुक्का, गाव आळंदीच्या वाटेवरचं. ट्रक भरून उभे होते आणि माऊलींच्या मशीनवर बिल निघत नव्हतं. बिलाशिवाय ट्रक गेटबाहेर जात नाही, ट्रक गेला नाही तर पुढच्या कंपनीची लाइन थांबते, आणि इथला तयार माल ठेवायला जागा उरली नाही की आपलीही. मग पेंट शॉपमधून फोन आला. मग स्टोअरमधून. गंमत म्हणजे सगळ्यांचं बंद नव्हतं. अनिल, रवी, सुनीता व्यवस्थित काम करत होते. ज्यांचं अडलं होतं त्यांचंसुद्धा काल बिनतक्रार चाललं होतं. मुंबईहून नाईक साहेबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, की ऑपरेटर चुकीचा पासवर्ड टाकतायत का. तसं असेल तर सगळ्यांना नवीन नंबर देऊन मोकळे व्हा, बाहेरच्या कंपनीची माणसं येऊन तेवढं करून देतील.

मुजावर साहेबांनी बघून सांगतो म्हणून फोन ठेवला आणि स्वेटरवरच डिस्पॅचकडे निघाले. मी त्यांच्यामागे जवळजवळ पळत गेले. मला त्या क्षणी गुजरातचा प्लांट डोळ्यांसमोर दिसत होता.

माऊलींच्या भोवती माणसं गोळा झाली होती. सुपरवायझर त्यांच्यावर चढला होता, की नीट आठव, काय टाकलंस, काल पिऊन आला होतास का. ज्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याला हे विचारणं म्हणजे हद्द होती. माऊलींचा चेहरा लालबुंद झाला होता. मुजावर साहेबांना बघताच ते उठून उभे राहिले.

"साहेब, मी काय बी बदललेलं न्हाई," ते म्हणाले. "माळ हातात घिऊन सांगतो. मी रोज सारखंच टाकतोय."

मुजावर साहेब गर्दीतून वाट काढत माऊलींच्या मशीनपाशी गेले.  मला वाटलं, आता हेही यांना काही लागेल असं बोलणार.

"सारखंच," त्यांनी हळूच विचारलं, "की तेच?"

"म्हंजी?"

"पासवर्ड सांगू नका. मला नकोच तो. तुमचं नाव लिहा इथं, इंग्रजीत."

माऊलींनी पडद्यावरच्या कोऱ्या पानावर एका बोटाने आपलं नाव उमटवलं. मुजावर साहेबांनी ते वर सरकवून दिसेनासं केलं आणि पुन्हा लिहायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग तिन्ही एकाखाली एक आणून दाखवली. ज्ञानेश्वर हे नाव माऊलींनी तीन प्रकारे लिहिलं होतं. एकदा शेवटचा 'श्वर' डब्ल्यूने, एकदा व्हीने, आणि एकदा डब्ल्यूच, पण पुढे ए-च्या जागी ई. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "साहेब, यांचं आधारवर एक आहे, बँकेत दुसरं आहे आणि पीएफला तिसरं. माझ्याकडे असे कितीतरी आहेत."

मुजावर साहेबांनी पडद्यावर बोट ठेवून पहिल्या नावाची अक्षरं मोजली. आठव्यावर थांबले. दुसऱ्याची मोजली, आठव्यावर थांबले. तिसऱ्याचीही. आठव्या अक्षरापर्यंत तिन्ही नावं तंतोतंत एक होती. फरक होता तो सगळा त्याच्या पुढे. मग ते शेजारच्या पार्टच्या खोक्यावर बसले आणि त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला.

आमच्याकडे बहुतेकांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचंच नाव, आणि जुना सर्व्हर नावासारखीच पासवर्डचीही आठच अक्षरं वाचायचा. पुढचं काही असो, तो वाचायच्या आतच हो म्हणून मोकळा व्हायचा. त्यामुळे वर्षानुवर्षं लोक आठच्या पुढे मनाला येईल ते लिहीत आले होते. आज डब्ल्यू, उद्या व्ही, कुणी भक्तिभावाने पुढे महाराजसुद्धा जोडायचं. मशीनने कधी तक्रार केली नाही, म्हणजे आपण रोज तेच लिहितो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माऊलींची शपथ खरी होती. त्यांनी मनातल्या मनात रोज ज्ञानेश्वरच लिहिलं होतं. नवा सर्व्हर मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत होता. शुक्रवारी जे स्पेलिंग हाताला आलं ते त्याने धरून ठेवलं, आणि शनिवारी दुसरं आलं तेव्हा नाही म्हणाला. अनिल आणि रवी यांची नावं आठाच्या आतच संपत, त्यामुळे त्यांची स्पेलिंगं बदलायला जागाच नव्हती.

"आठाचं मला माहीत होतं ताई," मुजावर साहेब मला म्हणाले. "पुढं माणसं रोज वेगळं लिहीत असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

दुरुस्ती छोटी होती. जुनी यादी त्यांनी पुसलेली नव्हती, ते काहीच पुसत नसत. नव्याशी जुळलं नाही तर जुन्या यादीलाही एकदा विचारून बघ, एवढं त्यांनी सर्व्हरला सांगितलं. माऊलींनी पासवर्ड टाकला, तेव्हा भोवतीची सगळी माणसं पडद्याकडे बघत होती आणि मुजावर साहेब भिंतीकडे. बिल निघालं. ट्रक हलले. दुसरी शिफ्ट वेळेवर उभी राहिली.

पण माझ्या मनातले मुजावर साहेब त्याच्या पुढच्या फोनमधले आहेत. नाईक साहेब फोनवर होते, आवाज खोलीभर ऐकू येत होता. ते म्हणाले, "म्हणजे शेवटी ऑपरेटरच चुकीचं टाकत होते ना? तसं लिहितो, म्हणजे तुमच्यावर काही येत नाही." इतका सोपा रस्ता होता. एका वाक्यात सेक्शन वाचत होता, मी वाचत होते. मी खुणेने त्यांना हो म्हणा, हो म्हणा असं सांगत होते.

"नाही साहेब," मुजावर म्हणाले. "ऑपरेटर बरोबर होते. जुना सर्व्हर अर्धं ऐकून हो म्हणत होता आणि नवा आणताना मी ते धरलं नाही. चूक माझी आहे. तशीच लिहा."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर चिडले.  त्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची दिली. त्या माऊलीला सगळ्यांसमोर दारुडा म्हटलंय ताई, ते म्हणाले, आणि आता कागदावरही त्यालाच चुकीचा ठरवू का.  रागाने मी त्यांचा पाण्याचा ग्लास पिऊन टाकला.

नाईक साहेबांनी पुढे वर काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. बाहेरची कंपनी मात्र आली नाही. सेक्शन राहिला, टाइम ऑफिस राहिलं. माझ्या मुलीची दहावी वाकडच्या घरातून झाली आणि सासूबाई नव्या गुडघ्यांवर आता माझ्यापेक्षा जास्त फिरतात. या सगळ्याबद्दल मी मुजावर साहेबांची ऋणी आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही. तशी आमच्याकडे पद्धत नाही, आणि म्हटलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. त्या शनिवारनंतर त्यांनी काय केलं, तर एकेका डिपार्टमेंटला जाऊन, माणसागणिक बसून, प्रत्येकाला सवडीने नवा पासवर्ड घ्यायला शिकवलं. स्वतःसाठी एक स्पेलिंग ठरवा आणि लग्नाच्या बायकोसारखं सांभाळा, असं ते सांगत. सुपरवायझरला त्यांनी माऊलींची माफी मागायला लावली की नाही, मला माहीत नाही. पण तो त्यानंतर माऊलींच्या मशीनपाशी चहा घेऊन जाताना दिसायचा.

गेल्या वर्षी मुजावर साहेब रिटायर झाले. शाल, नारळ, हार झाले. प्लांट हेडचं भाषण झालं, त्यात त्यांनी पासवर्डचा किस्सा स्वतःच सांगितला आणि टाळ्या घेतल्या. संध्याकाळी मुजावर साहेब टाइम ऑफिसात आले. माणूस कंपनी सोडतो त्याच दिवशी त्याचं नाव डिरेक्टरीतून काढायचं, हा त्यांचाच नियम. मी म्हटलं, राहू द्या हो चार दिवस, काय बिघडतंय. ते म्हणाले, माणूस गेल्यावर नाव आत ठेवू नये, दुसरं कुणीतरी ते घालून फिरतं. माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी आपलं नाव स्वतःच्या हाताने काढलं. मी खिडकीबाहेर बघत होते. मला ते बघवलं नसतं.

गेटपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. हातात नारळ आणि शालीची पिशवी होती, म्हणून कार्ड काढायला त्यांना वेळ लागला. त्यांनी कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. गेटवरचा वॉचमन कुरुळीचाच, मुजावर साहेबांना रोज सलाम ठोकणारा. तो कानकोंडा होऊन पुढे आला.

"साहेब, मशीन तुमाला वळखंना झालंय. थांबा, सेक्शनला फोन लावतो."

"नको, नको," मुजावर साहेब म्हणाले. "बरोबर चाललंय."

आणि त्यांनी नारळाची पिशवी माझ्या हातात दिली, चष्मा नीट केला आणि कार्ड तिसऱ्यांदा लावलं, नुसतं बघायला. लाल दिवा लागला. तो विझेपर्यंत ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर त्या शुक्रवारच्या पेढ्यांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मग वॉचमनने बाजूचं छोटं फाटक हाताने उघडलं आणि ते बाहेर गेले.